अठरा म्हणजे आठ, आठ आणि दोन : बेळगाव जिल्ह्यातील मतदारसंघ फेररचनेचे प्रकरण

काकती हे बेळगावच्या वेशीवरचे, महामार्गालगतचे गाव. इथल्या माणसाचा बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, तालुकाही बेळगावच. विधानसभेला मात्र तो यमकनमर्डीत मत देतो आणि लोकसभेला चिकोडीत. शेजारच्या कडोलीचेही तेच. खानापूरची तऱ्हा आणखी निराळी. जिल्हा बेळगाव, पण खासदार उत्तर कन्नडचा. सीमाभागात आजही ज्याला कारवार जिल्हा म्हणतात, त्या घाटापलीकडच्या मुलखाशी या तालुक्याचे लोकसभेचे मत बांधलेले आहे.

या रेषा भाषेवर डोळा ठेवून ओढल्या, असे सीमाभागात सर्रास बोलले जाते. या प्रकरणात आम्ही तो आरोप खरा-खोटा करत बसलेलो नाही. रेषा कोणत्या हिशेबातून निघतात, विधानसभेच्या जागांची एकूण संख्या बदलली तर या जिल्ह्याचे काय होईल आणि गावकऱ्यांच्या हातात नेमके कुठे काही असते, एवढे उलगडायचे आहे. यातला बराचसा गुंता साध्या भागाकाराने सुटतो.

आकडा बेंगळुरूत ठरत नाही

पहिला गैरसमज असा की विधानसभेने ठराव केला की जागा वाढतात. तसे नाही. राज्यघटनेचे कलम १७० सांगते की विधानसभेत किमान ६० आणि कमाल ५०० सदस्य असावेत, प्रत्येक मतदारसंघातील लोकसंख्येचे प्रमाण शक्यतो राज्यभर सारखे असावे आणि प्रत्येक जनगणनेनंतर जागांची फेरमांडणी संसदेने कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेकडून व्हावी. ही यंत्रणा म्हणजे डिलिमिटेशन कमिशन, मराठीत परिसीमन आयोग. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन भरते, पण तिथल्या खुर्च्यांची संख्या त्या सभागृहाला स्वतःहून बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा १९७० च्या दशकापासून गोठलेला आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने २००० सालापर्यंत जागांची संख्या न बदलण्याचे ठरले. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांना कमी जागांची शिक्षा होऊ नये, हे त्यामागचे कारण. ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. आतल्या सीमा तेवढ्या बदलायला परवानगी मिळाली, आधी १९९१ च्या आणि मग २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने २००१ च्या जनगणनेवर. २००८ साली लागू झालेली फेररचना ही अशी, एकूण आकडा तोच ठेवून केलेली आहे.

आठचा पाढा

म्हैसूर राज्याची विधानसभा १९५७ मध्ये २०८ जागांची होती. १९६७ मध्ये २१६ झाल्या आणि १९७८ मध्ये २२४. दर वेळी आठच का वाढल्या? लोकसभेच्या जागा पाहिल्या की कोडे सुटते. त्या २६ वरून २७ आणि मग २८ झाल्या. २६ आठे २०८, २७ आठे २१६, २८ आठे २२४. १९७२ च्या परिसीमन कायद्यात ही अट स्पष्ट लिहिलेली होती : विधानसभेच्या जागा राज्याच्या लोकसभा जागांच्या पूर्ण पटीत असल्या पाहिजेत. शिवाय एक विधानसभा मतदारसंघ दोन लोकसभा मतदारसंघांत फोडता येत नाही. म्हणून कर्नाटकात प्रत्येक खासदाराखाली बरोबर आठ आमदार.

बेळगाव जिल्ह्याला १८ जागा आहेत. आठ-आठचे दोन गठ्ठे बांधले की दोन उरतात. २००८ च्या आदेशात ते असे बसले. बेळगाव लोकसभेत अरभावी, गोकाक, बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती यल्लम्मा आणि रामदुर्ग. चिकोडीत निपाणी, चिकोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी आणि यमकनमर्डी. उरले खानापूर आणि कित्तूर. तिकडे कारवार जिल्ह्याला सहाच जागा आहेत, हल्याळ, कारवार, कुमटा, भटकळ, शिरसी आणि यल्लापूर, म्हणजे आठला दोन कमी. बेळगावचे उरलेले दोन तिथे जोडले आणि गणित पुरे झाले.

खानापूरच लोकसभेला जिल्ह्याबाहेर का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. कोणते तरी दोन बाहेर जाणारच होते आणि कारवार जिल्ह्याला लागून असलेला भाग तोच होता. उरलेले निम्मे उत्तर सोयीचे. खानापूरचा माणूस कामासाठी रोज बेळगावला येतो, कारवारला नाही, आणि ती गैरसोय खरी आहे. गठ्ठा आठचाच राहिला तर या गैरसोयीवर वरवरचा इलाज नाही. आकड्याची पट बदलली तरच नवी वाट निघते.

१८ जागा कुठून आल्या

हिशेब कुणालाही करता येतो. २००१ च्या जनगणनेत कर्नाटकाची लोकसंख्या ५,२८,५०,५६२. तिला २२४ ने भागले की एका मतदारसंघाची सरासरी २,३५,९४० येते. बेळगाव जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या ४२,१४,५०५. भागाकार १७.८६, म्हणजे १८. बेंगळुरू शहर जिल्हा ६५,३७,१२४, भागाकार २७.७१, म्हणजे २८. कारवार जिल्हा १३,५३,६४४, भागाकार ५.७४, म्हणजे ६. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक वर जातो, अर्ध्याच्या आतला गळतो.

जिल्ह्याच्या जागा ठरल्या की त्या जिल्ह्यातच बसवायच्या, विधानसभा मतदारसंघाने जिल्ह्याची सीमा ओलांडायची नाही, हे आयोगाचे धोरण होते. प्रत्येक मतदारसंघ सरासरीच्या १० टक्के वर-खाली चालेल, म्हणजे साधारण २ लाख १२ हजार ते २ लाख ६० हजार. या चौकटीत गावे बसवताना २००२ च्या परिसीमन कायद्याच्या कलम ९ ने या गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत : प्रदेश सलग असणे, नदी-डोंगर यांसारखी भौगोलिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय. भाषा या यादीत नाही. हे वाक्य सीमाभागातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने दोनदा वाचावे.

२००८ पूर्वीही जिल्ह्यात १८ च मतदारसंघ होते. पण उचगाव, बागेवाडी, संकेश्वर आणि शहराचा एकसंध बेळगाव मतदारसंघ नकाशावरून गेले. सदलगा आणि चिकोडी एकत्र झाले. परसगडचे नाव सौंदत्ती यल्लम्मा झाले. नव्याने आले ते बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, यमकनमर्डी आणि कुडची.

राखीव जागाही हलल्या. आधी गोकाक अनुसूचित जमातींसाठी आणि चिकोडी व रायबाग अनुसूचित जातींसाठी होते. नंतर गोकाक खुले झाले, यमकनमर्डी जमातींसाठी राखीव झाले, जातींसाठी रायबाग आणि कुडची. चिकोडी लोकसभा, जी आधी अनुसूचित जातींसाठी राखीव होती, ती खुली झाली. राज्यपातळीवर जातींच्या जागा ३३ वरून ३६ झाल्या आणि जमातींच्या २ वरून थेट १५. ही उडी हिशेबातूनच आली : २००१ मध्ये राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६.५५ टक्के, २२४ ला त्याने गुणले की १४.७. जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असेल तिथे द्यायच्या. जातींच्या जागा मात्र प्रमाण तुलनेने जास्त असलेल्या, पण राज्यात विखुरलेल्या ठिकाणी द्यायच्या. कायद्यात हा फरक आहे आणि हरकत लिहिताना तो विसरला की हरकत पहिल्याच वाचनात बाजूला पडते.

शहर दोन भागांत का, आणि उरलेल्या गावांचे काय

बेळगाव महापालिकेची २००१ ची लोकसंख्या सुमारे ४ लाख. सरासरीने भागले तर १.६९. एका मतदारसंघाला फार जास्त, दोनांना कमी. दहा टक्क्यांची सवलत पूर्ण वापरली तरी दोन मतदारसंघांना किमान ४ लाख २५ हजार लोक लागत होते. म्हणजे शहराचे दोन तुकडे करायचे तर बाहेरून २५ हजारांच्या वर माणसे जोडावी लागणारच होती. शहापूर-वडगाव, टिळकवाडी, अनगोळची बाजू दक्षिणेत गेली, जुन्या शहराची आणि कॅम्पची बाजू उत्तरेत.

शहराने आपले घेतल्यावर तालुक्यातल्या उरलेल्या गावांचे दोन मतदारसंघ पूर्वीसारखे उरले नाहीत. उचगाव हा मुख्यतः पश्चिमेकडच्या मराठी गावांचा मतदारसंघ होता, तर बागेवाडी हे नाव पूर्वेकडच्या हिरेबागेवाडीचे. आता उचगाव आणि हिरेबागेवाडी दोन्ही बेळगाव ग्रामीणमध्ये आहेत. उत्तरेचे काकती सर्कल तालुक्याबाहेर, यमकनमर्डीला जोडले गेले.

इथे सर्कल या शब्दाकडे लक्ष हवे. आदेशात गावांची नावे एकेक करून फारशी येत नाहीत. महसुली सर्कल, म्हणजे महसूल खात्याने केलेला गावांचा गट, हे एकक धरले जाते. शहरात ते काम वॉर्ड करतो. सर्कल शक्यतो फोडायचे नाही, गाव तर नाहीच. त्यामुळे काकतीची तक्रार एका गावाची राहत नाही, अख्ख्या सर्कलची होते. ‘आमचे गाव तेवढे परत बेळगावात घ्या’ ही मागणी भावनेने कितीही रास्त असली तरी सर्कल फोडायला लावणारी असल्याने आयोगासमोर फिकी पडते.

मराठी मताचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे साधारण १९ टक्के होते, कन्नड सांगणारे साधारण ६८ टक्के. १८ जागांवर १९ टक्क्यांचा हिशेब धरला तर ३.४ जागा येतात. पण आपल्या निवडणूक पद्धतीत टक्केवारीला जागा मिळत नाहीत. ती माणसे कुठे राहतात आणि रेषा कुठून जातात, त्यावर सारे ठरते. हा समाज खानापूर, बेळगाव ग्रामीण, शहराचे दोन्ही भाग, यमकनमर्डीची दक्षिण कड आणि निपाणी एवढ्या पट्ट्यात पसरलेला आहे. एका रेषेत फार जास्त एकवटला तर एकच जागा भरघोस मतांनी येते आणि बाकी मते तिथेच जिरतात. फार विखुरला तर सगळीकडे दुसरा क्रमांक.

म्हणून उचगाव जाणे मराठी मतदाराला जिव्हारी लागले, आणि ते समजण्यासारखे आहे. तरीही सगळा दोष रेषेवर टाकणे आम्हाला पटत नाही. २००८ मध्ये नव्या रेषांवर महाराष्ट्र एकीकरण समितीला एकही जागा मिळाली नाही. त्याच रेषांवर, एकही गाव इकडचे तिकडे न होता, २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा शून्य. रेषा तीच असताना निकाल बदलतो, याचा अर्थ उमेदवार एक की दोन, राष्ट्रीय पक्षांनी मराठी उमेदवार दिला की नाही, या गोष्टींचा वाटा मोठा आहे. फेररचनेची पुढची संधी येईल तेव्हा हे भान सुटले तर चुकीच्या जागी ताकद खर्च होईल.

सीमावाद हा वेगळा विषय आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा यांचा परिसीमन आयोगाशी संबंध नाही. राज्य कोणते, हे आयोग पाहत नाही. आहे त्या राज्यात मतदारसंघ कसे आखायचे, एवढेच त्याचे काम. हरकतीच्या अर्जात सीमाप्रश्न घुसवला की मूळ मुद्दाही वाया जातो.

आकडा बदलला तर

जनगणना २०२७ ची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. २०२६ नंतरची पहिली जनगणना हीच. सध्याच्या तरतुदीनुसार तिचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर जागांची संख्या पुन्हा मोकळी होते. नवे आकडे हाती येईपर्यंत २०११ चे घेऊन सराव करता येतो आणि त्यातून जे दिसते ते डोळे उघडणारे आहे.

२०११ मध्ये राज्याची लोकसंख्या ६,१०,९५,२९७. २२४ ने भागल्यावर सरासरी २,७२,७४७. बेळगाव जिल्हा ४७,७९,६६१, भागाकार १७.५२. अर्ध्याच्या वर म्हणून १८ टिकतात, पण कशाबशा : साडेसतराच्या रेषेच्या वर जिल्हा फक्त साडेसहा हजारांच्या आसपास माणसांनी आहे. एका मोठ्या गावाएवढी ही संख्या. दहा वर्षांत जिल्हा १३.४ टक्के वाढला, राज्य १५.६ टक्के आणि बेंगळुरू शहर जिल्हा ४७ टक्क्यांहून जास्त. बेंगळुरूचा भागाकार ३५.२८ येतो, म्हणजे २८ च्या ३५ जागा. एकूण २२४ च राहिल्या तर या सात जागा बाकीच्या जिल्ह्यांतूनच जाणार. कारवार जिल्ह्याचा भागाकार ५.२७, म्हणजे सहाच्या पाच. मग त्यांच्या लोकसभेला आठ भरायला तीन जागा बाहेरून लागतात. बेळगावचे खानापूर आणि कित्तूर धरूनही एक कमी पडते.

नव्या जनगणनेतही बेळगाव राज्याच्या सरासरीपेक्षा हळू वाढलेला निघाला आणि आकडा २२४ च राहिला, तर १७ जागा हे भाकीत नव्हे, सरळ भागाकार असेल. तेव्हा आठ, आठ आणि एक.

आता संख्या वाढवून पाहू. प्रत्येक खासदाराखाली आठऐवजी नऊ आमदार धरले तर २५२ जागा. बेळगावला १९.७१, म्हणजे २०. दहा धरले तर २८० आणि बेळगावला २१.९, म्हणजे २२. जिल्ह्यात आनंदीआनंद होईल. पण विधानसभेतले वजन मोजा. आज १८ भागिले २२४ म्हणजे ८.०४ टक्के. २५२ मध्ये २० म्हणजे ७.९४ टक्के, २८० मध्ये २२ म्हणजे ७.८६ टक्के. आमदार वाढले, वजन घटले. बेंगळुरू शहर जिल्हा मात्र १२.५ टक्क्यांवरून जवळपास १६ टक्क्यांवर जातो. बेळगावला ‘दोन जागा जास्त मिळाल्या’ असे कुणी सांगितले तर भागाकार मागावा.

मराठी मतदाराच्या दृष्टीने संख्या वाढण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. जागा वाढल्या की सरासरी मतदारसंघ लहान होतो. २८० जागांत तो २०११ च्या आकड्यांवर सुमारे २ लाख १८ हजारांचा होईल, आजच्या हिशेबापेक्षा ५४ हजारांनी लहान. लहान मतदारसंघात सलग वस्तीचा गट टिकतो, काकतीसारखे सर्कल आपल्याच तालुक्यात बसण्याची शक्यता वाढते, शहर आणि ग्रामीण भाग वेगळे काढणे सोपे जाते. बेळगाव महापालिकेची २०११ ची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार. २२४ च्या सरासरीने ती १.७९ मतदारसंघ होते, २८० च्या सरासरीने २.२४. म्हणजे शहराला भर घालण्यासाठी खेडी ओढण्याऐवजी शहराचेच थोडे बाहेर टाकावे लागेल. वाढीव संख्येची मागणी करायची तर ती या मुद्द्यावर करावी.

संख्या वाढली की आणखी काही चाके फिरतात, ती थोडक्यात. मंत्रिमंडळाची कमाल मर्यादा सभागृहाच्या १५ टक्के आहे, ती वर सरकते. विधान परिषदेची कमाल मर्यादा विधानसभेच्या एक तृतीयांश, तीही वाढते. महिलांच्या एक तृतीयांश आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणनेनंतरच्या फेररचनेशी जोडलेली आहे.

आंध्र आणि तेलंगणाचे उदाहरण लोक देतात. २०१४ च्या विभाजन कायद्यात तिथल्या जागा १७५ वरून २२५ आणि ११९ वरून १५३ करण्याची तरतूद आहे. तरी त्या वाढल्या नाहीत, कारण ती तरतूद कलम १७० च्या अधीन आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तेच उचलून धरले. जम्मू-काश्मीरमध्ये जागा वाढल्या, पण तो केंद्रशासित प्रदेश आहे, त्याचा कायदा वेगळा. कर्नाटकाला यांपैकी कोणताही आडमार्ग नाही.

मोजणीतच जागा हरवते

साडेसहा हजारांचा आकडा पुन्हा आठवा. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातली आणि बेळगावच्या पश्चिम भागातली किती कुटुंबे गोव्यात, पुण्यात, कोल्हापूरच्या कारखान्यांत कामाला असतात, हे इथे कुणाला सांगायला नको. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी मोजते. वर्षातले बहुतेक महिने गोव्यात राहणारा तिथे मोजला जाईल, आणि ते बरोबरच आहे. चूक होते ती दोन जागी. हंगामापुरता गेलेला माणूस गावातही मोजला जात नाही आणि तिकडेही नाही. दुसरे म्हणजे कुलूपबंद घर ‘रिकामे’ म्हणून नोंदले जाते, वाडीवस्ती आणि गवळीवाड्यावर मोजणीवाला एकदाच येऊन जातो. यादीतल्या घरांचा ताळा ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या नोंदीशी लावला तर यातले बरेच सापडते. मतदार यादीतले नाव आणि जनगणनेतली मोजणी यांचा संबंध नाही. फेररचना मतदारांवर होत नाही, लोकसंख्येवर होते, म्हणजे लहान मुलेही तितकीच मोजली जातात.

मातृभाषेचा रकाना स्वतः पाहून मराठी लिहून घ्यावा, यात वाद नाही. पण त्या रकान्याने मतदारसंघ बदलणार नाही. एकूण डोकी बदलतात तेव्हाच मतदारसंघ बदलतो.

प्रशासकीय सीमांचेही असेच. निपाणी, कागवाड, मूडलगी, कित्तूर, यरगट्टी हे तालुके २००८ च्या आदेशानंतर झाले. जुना आदेश जुन्या तालुक्यांच्या नावाने लिहिलेला आहे, नवा आदेश नव्या सीमांवर लिहिला जाईल. जनगणनेआधी सीमा गोठवल्या जातात, म्हणून सर्कल किंवा तालुका बदलून घेण्याची धडपड मोजणीच्या तोंडावर उपयोगाची नसते. जिल्हा विभाजनाची मागणीही याच हिशेबात बसते. चिकोडी वेगळा जिल्हा झाला तर दोन जिल्ह्यांचे दोन स्वतंत्र भागाकार होतील आणि दोन वेगळे अपूर्णांक. एकाचा अपूर्णांक अर्ध्यावर आणि दुसऱ्याचाही अर्ध्यावर गेला तर एक जागा वाढू शकते, दोन्ही खाली राहिले तर एक जाऊ शकते. विभाजनाच्या बाजूने वा विरोधात बोलणाऱ्यांनी हे गणित अजून मांडलेले दिसत नाही.

हरकत कशी लिहावी

आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष, सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि राज्य निवडणूक आयुक्त. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना मत नाही, आदेशावर सही करण्याचा हक्क नाही, पण भिन्नमत नोंदवता येते आणि ते मसुद्यासोबत गॅझेटमध्ये छापले जाते. मसुदा बाहेर येण्यापूर्वी सहयोगी सदस्यापर्यंत आपला हिशेब पोचवणे हा पहिला आणि सर्वांत स्वस्त टप्पा. बहुतेक गावे तिथे पोचतच नाहीत, गॅझेट आल्यावर जागी होतात.

मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींची शेवटची तारीख त्यातच असते, नंतर जाहीर सुनावणी. हातात वेळ थोडा असतो. म्हणून तयारी आधीच हवी : तहसील कार्यालयातून सर्कलनिहाय गावांची यादी, जनगणनेची गावनिहाय लोकसंख्या, मसुद्यातल्या आपल्या आणि शेजारच्या मतदारसंघांची बेरीज. मग अदलाबदल मांडायची. काकती सर्कल बेळगाव ग्रामीणमध्ये हवे, तर ग्रामीणमधले कोणते सर्कल बाहेर जाईल ते नावानिशी लिहायचे. अदलाबदलीनंतर दोन्ही मतदारसंघ १० टक्क्यांच्या आत राहतात, हे आकड्यांनी दाखवायचे. यमकनमर्डी राखीव असल्याने त्यातून सर्कल काढल्यावर जमातींचे प्रमाण किती उरते, तेही. आणि हे सर्कल एका लोकसभेतून दुसऱ्या लोकसभेत जाते, तर त्या दोन्ही लोकसभांची बेरीज. हा शेवटचा भाग जवळपास सगळे विसरतात.

कारणे कलम ९ च्या शब्दांत लिहावीत. ‘आम्ही मराठी आहोत’ असे न लिहिता ‘तालुका ठिकाण बेळगाव, बसमार्ग बेळगावचा, यमकनमर्डीस जाण्यासाठी इतके अंतर’ असे लिहावे. वस्तुस्थिती तीच असते, फक्त आयोगाला वापरता येईल अशा शब्दांत. भाषेचा मुद्दा पूर्ण टाळावा असेही नाही. लोकांची सोय या सदरात, कार्यालयीन व्यवहाराच्या अडचणी म्हणून तो शेवटी एका परिच्छेदात येऊ शकतो. अर्ज मराठीत देता येतो, घटनेचे कलम ३५० तो हक्क देते. पण सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडावी, नाहीतर भाषांतर होईपर्यंत सुनावणी उरकते.

एकाच मजकुराच्या पाच हजार सह्या आणि एका ग्रामपंचायतीचा आकड्यांसह ठराव यांत ठराव जड पडतो. सर्कलमधल्या सर्व ग्रामपंचायतींनी एकाच आशयाचा ठराव केला तर अधिक चांगले. शेजारच्या मतदारसंघातल्या ज्या सर्कलची अदलाबदल सुचवली आहे, तिथल्या पंचायतींशी आधी बोलणे मात्र आवश्यक आहे. सुनावणीत त्यांनी उठून विरोध केला की सगळा हिशेब पडतो. या बोलणीत कन्नड गावे असतील, लिंगायत, कुरुबर, मुस्लीम सगळे असतील. अंतर आणि बसमार्ग सगळ्यांचे सारखेच असतात, म्हणून हे बोलणे वाटते तितके अवघड नाही.

अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते. घटनेच्या कलम ३२९ मुळे त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, ही १९६६ च्या मेघराज कोठारी निकालापासूनची भूमिका. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश उघडपणे मनमानी असेल तर उच्च न्यायालय पाहू शकते, अशी बारीक फट ठेवली. पण सर्कल गैरसोयीच्या मतदारसंघात गेले एवढ्याने त्या फटीतून आत शिरता येणार नाही. आदेश निघाल्यावर मतदार यादीचे भाग नव्याने पाडले जातात. तेव्हा गावातल्या प्रत्येक वाडीचा भाग क्रमांक बीएलओकडून, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडून, तपासून घ्यावा. रेषेच्या कडेच्या वाड्या या टप्प्यावर चुकून पलीकडच्या यादीत जातात, आणि ही चूक साध्या अर्जाने दुरुस्त होते.